कॉलेजचा स्विमिंग टँक: बांधला कोणी, कधी, आणि बंद का पडला?

निंबाखालचा (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मैदानामागे स्विमिंग टँकची एक इमारत आहे. अमरावती जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याकडचा संत्र्याचा पट्टा, एवढं सांगतो. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतीलच. इमारत उभी आहे इतकंच. टँकात बेशरमाची झुडपं माजलीत, कपडे बदलायच्या खोल्यांत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत आणि छतावर वानरांचा मुक्काम. आता तिथं बहुउद्देशीय सभागृह होणार अशी बातमी आहे. पाडावं की नाही यावर भांडायला हा धागा नाही (ते व्हॉट्सॲपवर जोरात चालू आहे). मला तिचा इतिहास लिहून ठेवायचाय, कारण ऑफिसात विचारलं तर 'आमच्या आधीपासून आहे' यापलीकडे कोणी जात नाही.

गावात तीन गोष्टी ऐकू येतात. एक, इंग्रजांनी बांधला. दोन, कुठल्याशा मंत्र्यानं मुलाच्या ॲडमिशनच्या बदल्यात दिला. तीन, पोरगा बुडाला म्हणून बंद केला. सांगणारे तिन्ही गोष्टी सारख्याच छातीठोकपणे सांगतात.

टेप घेऊन गेलो होतो. टँक आतून ७५ फूट लांब, ४० फूट रुंद. काठावरच्या निळ्या फरशांत खोलीचे आकडे बसवलेत: उथळ बाजूला ३॥ (साडेतीन), खोल बाजूला १०. भिंती काळ्या दगडाच्या, आतून सिमेंटचा गिलावा, त्याचे पापुद्रे सुटलेत. खोल बाजूला उडीच्या फळीचे लोखंडी पाय शिल्लक आहेत, फळी गेली. पायऱ्यांजवळ संगमरवरी पाटी आहे, तिचा डावा अर्धा भाग फुटलाय. उरलेल्यात खालच्या ओळीत '…बई राज्य' एवढं वाचता येतं. तारीख फुटलेल्या तुकड्यासोबत गेली. इमारतीच्या दारावर दुसरी पाटी आहे, पण तिच्यावर डिस्टेंपरचे इतके हात बसलेत की 'विद्यापीठ' सोडून काही उमगत नाही.

माहीत असलेल्यांनी लिहा. 'आमच्या वेळी फार मजा होती' हेही चालेल, फक्त सोबत एखादी ठोस गोष्ट द्या.

पूर्णाकाठचा

भाऊ, इंग्रजाईनं बांधला म्हणणाऱ्याले विचारा, इंग्रज काय आपल्या गावात पवाले येत होते? तवा तहसीलदाराच्या घरी नळ नव्हता.

आमी इहिरीत शिकलो. पाठीले सुका तुंबा (पोकळ भोपळा) बांधे अन् काका काठावरून ढकलून दे. दोन-चार घोट पाणी पोटात गेलं का हात-पाय आपोआप चालत. थो टँक पाह्यला मी, पण तिथं जाले पावती फाडा लागे. इहिरीले कायची पावती?

इतिहासप्रेमी

धागाकर्ते, '…बई राज्य' हीच तुमची तारीख आहे. वऱ्हाड आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं, १९५० पासून जुन्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या पाटीवर 'मुंबई राज्य' येऊ शकतं ते या साडेतीन वर्षांतच. आधीची असती तर 'मध्यप्रदेश', नंतरची असती तर 'महाराष्ट्र'. इंग्रज आपोआप बाद झाले.

बाकी पोहण्याच्या टाक्यांची परंपरा आपल्याकडे फार जुनी. मोहेंजोदडोचं महास्नानगृह बघा, साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल. विटा जिप्समच्या मसाल्यात आणि मागे डांबराचा थर, पाणी झिरपू नये म्हणून. आपल्याच जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यात महिमापूरची सात मजली पायविहीर आहे…

निंबाखालचा

सर, मोहेंजोदडोहून परत या, तुमच्या साडेतीन वर्षांनी माझं मोठं काम झालंय. महिमापूरवर वेगळा धागा काढा, नक्की वाचतो.

चिंचेचा_कट्टा

पण पाटी टँकचीच कशावरून? मुख्य इमारतीची फुटली म्हणून तिथं नेऊन टाकली असेल. आमच्या शाळेत बोअरवेलच्या उद्घाटनाची पाटी आता मुतारीची पायरी आहे.

ओळंबा

कट्टेकर, शंका रास्त आहे. म्हणून पाटी बाजूला ठेवा आणि लांबी बघा.

७५ फूट म्हणजे बरोबर २५ यार्ड, मीटरमध्ये २२.८६. आज शर्यतीचा लहान टँक बांधायचा तर २५ मीटर, म्हणजे ८२ फूट. मोठा ५० मीटर. कोणीही शहाणा माणूस मीटरचा जमाना आल्यावर २२.८६ मीटरचा टँक बांधणार नाही, कारण त्यात पोहून काढलेली वेळ कुठल्याच स्पर्धेच्या तक्त्यात बसत नाही. (अमेरिकेतल्या कॉलेजांचा अपवाद. त्यांच्या शर्यती आजही २५ यार्डांच्या टँकात होतात.) आपल्याकडे वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि १९६२ पर्यंत जुनी मापं बाद झाली. त्यामुळे ज्यानं या टँकचा नकाशा काढला तो यार्डात विचार करणारा माणूस होता. पाटीचा काळ आणि लांबीचा काळ जुळतो.

चिंचेचा_कट्टा

ओळंबा दादा, आमचा मिस्त्री आजही फुटातच बोलतो. मुरूम ब्रासनं येतो, प्लॉट चौरस फुटात विकला जातो. फुटावरून साल कसं काढता?

ओळंबा

मिस्त्री फुटात बोलतो हे खरं, मीही साइटवर फुटातच बोलतो. पण मिस्त्रीला मोकळं सोडलं तर तो ७० म्हणेल नाहीतर ८० म्हणेल. ७५ आणि खोल टोकाला १० फूट हे आकडे पोहण्याच्या पुस्तकातून आलेले आहेत. कोणीतरी जाणकार मागे उभा होता. तो कोण, हे खरं विचारायला पाहिजे.

सातपुडी

जाणकार कोण याचा अंदाज देतो. आमचे वडील त्या कॉलेजात होते. तिथले पीटीचे सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले. मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी काढलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी आणि देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं केली होती. बाहेरच्यांना वाटतं की खेड्यातल्या कॉलेजाला स्विमिंग टँक कशाला सुचला असेल. अमरावती जिल्ह्यात तरी त्यात नवल नाही. मंडळात शिकून बाहेर पडलेला मास्तर जिथं गेला तिथं त्यानं आधी आखाडा खणला, मग मल्लखांब पुरला, आणि संस्थाचालक ऐकणारे निघाले तर टँक मागितला.

वडील सांगत, सर काठीनं शिकवायचे. म्हणजे मारायचे नाहीत. लांब बांबूच्या टोकाला दोरीचा फास, तो पोराच्या छातीभोवती, आणि सर काठावरून बांबू धरून चालत जायचे. पोरगा आत हात मारतोय, फास हळूहळू ढिला होतोय, आणि ३॥ फुटांवरून ६ फुटांवर कधी आलो ते पोराला कळायचं नाही.

जुनी_फाईल

त्या कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरी केली, आता निवृत्त आहे. काही गोष्टी सांगू शकतो.

टँकच्या फीची जुनी पावतीपुस्तकं आवक-जावकच्या कपाटाखाली पडून होती. त्यात रुपयांच्या शेजारचा रकाना 'न. पै.' असा छापलेला होता. नवीन पोरांना सांगतो: दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, तेव्हापासून १९६४ पर्यंत पैशाला 'नया पैसा' म्हणत. आणे-पै लिहिलेलं एकही पुस्तक मी पाहिलं नाही. म्हणजे टँक त्या काळात चालू होता, आणि १९५७ च्या फार आधी चालू नव्हता.

मंत्री-ॲडमिशनची गोष्ट खोटी. पैसा लोकवर्गणीचा आणि सरकारी अनुदानाचा मिळून होता. वर्गणीत कित्येकांनी रोख न देता काम दिलं: कोणी बैलगाडीनं दगड टाकला, कोणी गडी दिले. त्या नोंदी वहीत 'गाडी' आणि 'गडी' अशा दोन रकान्यांत होत्या. वही कुठं गेली ते विचारू नका, ऑफिस तीनदा हललं.

आता ओळंबा साहेबांसाठी. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळे. तालुक्याच्या गावाला टँकभर सिमेंट कोण देणार? म्हणून भिंती चुन्यात आहेत. मैदानाच्या कोपऱ्यात चुन्याची घाणी होती. गोल चर, मधे खुंट, दगडी चाक आणि एक बैलजोडी. चुना, वाळू, सुरखी (विटांची भुकटी) पाणी घालून दिवसभर मळायची. चुनाही बाहेरून आणला नाही. नाल्यात कंकर सापडतो ना, पांढरे खडे, तो भट्टीत भाजलेला. चर बुजली, पण ते दगडी चाक होस्टेलच्या मागे अजून आहे. पोरं त्यावर बसून मोबाईल बघतात.

ओळंबा

जुनी_फाईल काका, तुम्ही तर खजिना काढलात. कंकराच्या चुन्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. साधा शुद्ध चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं आवळतो, पाण्यात राहिला तर मऊच राहतो. काळ्या मातीतल्या कंकरात मातीचा अंश असतो, त्यामुळे त्याचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. सुरखीनं त्याला आणखी जोर येतो. परवाना नव्हता म्हणून चुना वापरला, पण टँकसाठी तो सरस ठरला. मी परवा भिंतीच्या सांध्यात खिळा घालून बघितला, आत जात नाही. वरचा सिमेंटचा गिलावा बराच नंतरचा दिसतो, आणि सुटलाय तोच.

निंबाखालचा

काल शिडी आणि घासणी घेऊन दारावरची पाटी साफ केली. डिस्टेंपरच्या पाच थरांखाली: '…जलतरण भवन… अमरावती विद्यापीठ…' आणि खाली कोनशिला बसवणाऱ्यांची नावं, ती इथं देत नाही. तारखेच्या जागी कोणीतरी खिळा ठोकून वीजमीटरची पेटी लावली होती, त्यात आकडे उडाले. आमच्या गावाला तारखांचा काय राग आहे कळत नाही.

इतिहासप्रेमी

हरकत नाही. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं, त्याआधी पश्चिम विदर्भातली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. आणि 'संत गाडगे बाबा' हे नाव विद्यापीठाला पुढे मिळालं. तुमच्या पाटीवर नुसतं 'अमरावती विद्यापीठ' आहे. म्हणजे इमारत १९८३ नंतरची, नामविस्ताराच्या आधीची. टँक आणि इमारत यांच्यात किमान तेवीस वर्षांचं अंतर आहे! इतकी वर्षं टँक उघडाच होता तर.

ओळंबा

आणि हे सिमेंटच्या हिशोबातही बसतं. सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण. १९८३ नंतर खुल्या बाजारात पोती मिळू लागली, तेव्हा कॉलम, स्लॅब, सिमेंटच्या जाळ्या असली बांधकामं तालुक्यातालुक्यात उगवली. इमारतीचा तोंडवळा त्याच काळाचा आहे. खरं सांगायचं तर बांधकाम म्हणून ती सामान्य आहे, छज्जे तर धोकादायक झालेत. माझ्या लेखी जपण्यासारखा आहे तो टँक. नेमका तोच बुजवतायत.

रानजाई

ओळंबा दादा, इमारत सामान्य आहे असं तुम्ही बांधकामाच्या अंगानं म्हणालात, ते ठीक. पण ती इमारत झाली म्हणून आम्ही मुली पाण्यात उतरलो.

उघडा टँक होता तोवर मुलींचा प्रश्नच नव्हता. मैदानावर क्रिकेट चालू, बाजूला रस्ता, कोण उतरणार? भिंती आणि जाळ्या आल्यावर एका मॅडमनी सकाळची पहिली बॅच मुलींसाठी मागून घेतली. जाळीच्या भोकांतून दिसतं अशी तक्रार आली तर त्यांनी आम्हालाच कामाला लावलं. रद्दीचे बोळे करून एकेक भोक बुजवलं, खालच्या सहा ओळी. पावसात बोळे भिजून गळायचे, पुन्हा नवे. पोशाख म्हणजे पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट. ओला सलवार पायाला गुंडाळला जातो, त्यात पाय मारायला डबल ताकद लागते. कॉलेजच्या स्पर्धेसाठी आम्हाला पहिल्यांदा कॉस्च्यूम दिले तेव्हा पाण्यात इतकं हलकं वाटलं की मी खोल टोकापर्यंत न थांबता गेले आणि मग घाबरले.

घरी काय सांगायचो? 'एनसीसी आहे.' आईला माहीत होतं. ओल्या केसांवरून कळणारच. तिनं बाबांना सांगितलं नाही.

नंतर अमरावतीच्या कांचनमाला पांडेनं २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. डोळ्यांनी दिसत नसताना. बातमी वाचून आमच्या बॅचच्या ग्रुपवर दोन दिवस तोच विषय होता. त्या ग्रुपचं नाव आजही 'रद्दीचे बोळे' आहे.

पूर्णाकाठचा

ताई, लय भारी. आमच्या घरच्या पोरीईले इहिरीवर बी जाऊ देत नव्हते, पाणी भराचं सोडून.

संत्रावाला

सगळे बांधकामावर बोलून रायले, पाण्याचं कोणी विचारलं नाही. टँक काय दगडानं भरते?

हिशोब मांडतो. ७५ गुणिले ४०, सरासरी खोली साडेसहा फूट धरली तर साडेएकोणीस हजार घनफूट, म्हणजे साडेपाच लाख लिटर. कॉलेजच्या बागेतली विहीर २० फूट व्यासाची. तिच्यात १५ फूट पाणी असलं तरी सव्वा लाखाच्या वर थोडंच. म्हणजे चार भरल्या विहिरी उपसा, तेव्हा एक टँक. वर मे महिन्यात ऊन रोज बोटभर पाणी पिते. बोट सोडा, एक सेंटीमीटर धरा, तरी दिवसाला पावणेतीन हजार लिटर हवेत गेले.

मग चालत कसा होता? माझे आजोबा त्या बागेत माळी होते, म्हणून सांगतो. कॉलेजची संत्र्याची बाग मृग बहाराची होती. मृग बहार घ्यायचा तर झाडाला उन्हाळ्यात ताण द्यावा लागतो, एप्रिल-मे मध्ये पाणी तोडायचं. झाड सुकल्यासारखं होते, मग मृगाचा पाऊस आला का फुलते. म्हणजे नेमकं ज्या दोन महिन्यांत पोट्ट्यांना सुट्टी अन् पोहायची हौस, त्या दोन महिन्यांत विहिरीचं पाणी बागेला लागत नव्हतं. थोडं थोडं करून एप्रिलभर टँक भरत. जूनमध्ये पाऊस लांबला तर तेच पाणी पाटानं बागेत सोडत. दोन-तीन दिवस आधी ब्लीचिंग टाकणं बंद. टँकच्या खोल टोकाला जो चार इंची पाइप दिसतो ना, तो बागेकडेच जाते. जाऊन पाहा.

ज्यानं कोणी हे डोकं चालवलं, त्याला मानलं.

निंबाखालचा

पाहिला! पाइप आहे, तोंडाशी लाकडी गुडदी (बूच) अजून ठोकलेली आहे. मी त्याला गटाराची लाईन समजत होतो. दादा, मग हे गणित बिघडलं कधी?

संत्रावाला

बाग आंबिया बहारावर नेली तेव्हा. त्याचा ताण डिसेंबरात, पाणी जानेवारीत सुरू, अन् मग फळ झाडावर असते म्हणून अख्खा उन्हाळा पाणी पाहिजे. एक दिवस चुकला का फळगळ. मे महिन्यात विहीर बागेला पुरेना, टँकला कुठून देणार? पुढं आजूबाजूला बोअर झाले, विहीर आणखी खाली गेली. वरूड-मोर्शीकडं भूजल किती खाली गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. बागेचा पैसा कॉलेजला लागत होता, त्यामुळे ज्यानं बहार बदलला त्याला मी दोष देत नाही. पण टँकचं पाणी तिथं तुटलं.

चिंचेचा_कट्टा

म्हणजे पोरगा बुडाल्याची गोष्ट?

जुनी_फाईल

त्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं, म्हणून थांबलो होतो.

टँकात कोणी बुडालं नाही. माझ्या नोकरीत नाही आणि आधीच्या कागदांतही अशी नोंद नाही. झालं असं. पाणी कमी पडू लागल्यावर उन्हाळी बॅचेस बंद झाल्या. टँक पावसानं जेवढा भरे तेवढा भरे. हिरवं पाणी, डास, बेडूक. नव्वदीच्या दशकात एका वर्षी तपासणी समिती येणार होती. घाण दिसू नये म्हणून श्रावणात पंप लावून टँक रिकामा केला, तळ घासला, चुना मारला. आठवड्यात खोल टोकाचा तळ मधोमध फुगून वर आला आणि आडवी भेग गेली. समिती आली तेव्हा दारालाच कुलूप घातलं होतं. त्यानंतर टँक पुन्हा भरला नाही.

पोरगा बुडाला तो गावाबाहेरच्या गिट्टीच्या खदानीत, पोळ्याच्या दिवशी. टँक बंद झाल्यानंतर. पोरं पोहायला कुठं तरी जाणारच होती. गावानं पुढं दोन्ही गोष्टींचा क्रम उलटा करून टाकला. मुलाच्या घरचे अजून गावात आहेत, म्हणून याहून जास्त लिहीत नाही आणि इथंही कोणी खोदून विचारू नये ही विनंती.

रानजाई

काका, हे सांगितलंत ते बरं केलंत. मी इतकी वर्षं उलटंच ऐकत आले.

ओळंबा

श्रावणात रिकामा केला! तिथंच संपला.

समजावून सांगतो, कारण ही चूक आजही शेततळ्यांपासून बंगल्यांच्या टाक्यांपर्यंत लोक करतात. पावसाळ्यात आपल्याकडे जमिनीतलं पाणी वर चढतं, श्रावण-भादव्यात विहिरी काठाशी येतात. टँक भरलेला असतो तोवर आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला तोलून धरतं. आतलं काढलं की बाहेरचं पाणी तळाला खालून उचलतं. रिकामी टाकी जमिनीतल्या पाण्यावर नावेसारखी तरंगायला बघते.

आकडा बघा. सहा इंच जाडीच्या काँक्रीटच्या तळाचं वजन चौरस मीटरला सुमारे ३६० किलो. पाणी तळाच्या खालच्या पातळीपेक्षा ३६ सेंटीमीटर वर चढलं की तेवढाच जोर खालून लागतो. वीतदीड वीत पाण्याचं काम! १० फूट खोल टोकाला तर बाहेरचं पाणी त्याहून कितीतरी वर असणार. भिंती दगडी, जाड, स्वतःच्या वजनानं टिकल्या. तळ पातळ, तो फुटला. त्यात काळी माती. ओली झाली की फुगते आणि रिकाम्या टँकच्या भिंतींना आत ढकलते. उन्हाळ्यात भेगाळते आणि टेकू काढून घेते. म्हणून काळ्या मातीतला टँक पावसाळ्यात कधीही रिकामा करायचा नाही. करायचाच तर मे महिन्यात. नव्या टँकांना तळाशी झडप ठेवतात, बाहेरचा दाब वाढला की पाणी आपसूक आत येतं आणि तळ वाचतो.

बांधणाऱ्या पिढीला हे माहीत असणार. कारण संत्रावाला म्हणतात तसा रिकामा करायचा मुहूर्त जूनच्या सुरुवातीचा होता, पाणी चढायच्या आधी.

सातपुडी

वडिलांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, सरांचा नियम होता: 'आषाढ लागला की टँकला हात लावायचा नाही.' पोरांना वाटायचं देवधर्माचं काहीतरी असेल.

उडीच्या फळीबद्दलही विचारलं. सागवानाची होती, परतवाड्याच्या टालावरून आणलेली. वर काथ्याची चटई खिळ्यांनी ठोकलेली, पाय घसरू नये म्हणून. चटई भिजून कुजली की उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवी ठोकायची, आणि ज्याला उडी येत नाही त्याच्याकडे हातोडी द्यायची. फळीच्या टोकाशी बसून खिळे ठोकताना पाण्याची भीती जाते म्हणे. मला पटत नाही, वडिलांना पटतं.

चिंचेचा_कट्टा

आता तरी विचारतो. एवढा दगडी हौद आहेच तर बुजवण्यापेक्षा छताचं पाणी साठवायला वापरता येणार नाही का? लोक शेततळ्याला सरकारकडून पैसे घेतात, हा तर फुकट आहे.

ओळंबा

'मागेल त्याला शेततळे' या सरकारी योजनेतलं मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं होतं. त्यापुढे हा लहानच. तळ फुटलेला असल्यानं पाणी थांबणार नाही, पण मुरेल. तळाच्या भेगा मोकळ्या करून, खाली गिट्टी-वाळूचा थर देऊन छताचं पाणी सोडलं तर ती विहीर आणि आजूबाजूचे बोअर यांना फायदा होईल. पुन्हा पोहण्यासाठी करायचा तर नवा तळ, झडप, गाळण संच, आणि पाणी कुठून हा प्रश्न आहेच. खर्च मोठा. सभागृह मात्र त्यावर बांधूच नये. दहा फूट भराव टाकून वर इमारत उभी केली तर भराव बसत जाईल आणि फरशी खचेल. सभागृहाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जागा आहे.

पूर्णाकाठचा

पण पोट्टे पवाले शिकतीन कुठं, हे कोणी सांगून नाही रायलं. इहिरी आटल्या नाहीतर त्याईवर जाळ्या बसल्या. शेततळ्यात प्लास्टिक हाय, चढून येता येत नाही, पाय सटकते. आमच्या इकडं दर उन्हाळ्यात एखादं लेकरू जाते. शेततळ्याच्या काठाले गाठी मारलेला दोर तरी सोडा, एवढं माझ्या घरच्या तळ्याले मी केलं. शंभर-दोनशे रुपयाचा दोर लागते.

संत्रावाला

केलं पाहिजे. मी पण सोडतो. दोन बाजूंनी सोडा, एका बाजूनं पोरगं पोचत नाही.

जुनी_फाईल

निंबाखालचे, तुम्ही खरंच लिहून काढणार असाल तर अनुदानातल्या कामांची मोजमाप पुस्तिका बांधकाम खात्याच्या जुन्या दप्तरात मिळू शकते. माहिती अधिकारात अर्ज टाका. 'सर्व कागद द्या' असं मागू नका, उत्तर येत नाही. टँकचं काम, मुंबई राज्याचा काळ, असं नेमकं लिहा आणि नक्कल नको, आधी पाहणी मागा.

निंबाखालचा

अर्ज उद्याच टाकतो. कॉलेजला एक पत्रही देतोय: दोन्ही पाट्या, बागेकडचा पाइप आणि घाणीचं चाक यांना पाडापाडीत हात लागू नये. ओळंबा दादांचं भरावाचं म्हणणं त्यात जोडलंय. रानजाई ताई, तुमच्या बॅचच्या दोघी-तिघींच्या सह्या मिळतील का? मुलींच्या सह्या असल्या की संस्थेत पत्र लवकर वाचलं जातं असा अनुभव आहे.

चाकाला सध्या होस्टेलमागून हलवून ग्रंथालयासमोर ठेवावं असा विचार आहे. चार-पाच पोरं तयार आहेत.

रानजाई

दोघी-तिघी कशाला, अकरा देते. एक तर आता त्याच संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, ती सही करते का बघू.

ओळंबा

चाकाचा व्यास किती?

निंबाखालचा

टेपनं ४ फूट, जाडी फूटभर.

ओळंबा

साडेबारा घनफूट काळा दगड. टनभर भरेल. पोरं राहू द्या, ट्रॅक्टर आणि साखळी बघा.

पूर्णाकाठचा

ट्रॅक्टर माझा. डिझल तुमचं.